अकरा प्रती

कांदे साठवायची ही शेड, पेइप्सी तळ्याच्या काठी.
कांद्यांनी जागा सोडून सहा वर्षं झाली,
तरी दार उघडलं की डोळे चुरचुरतात.
आता इथे हातदाबाचं एक यंत्र आहे,
लगद्याची टाकी, तागाचा दोरा, सुया,
आणि एक समोवार, जो जमाखर्चाच्या वहीत
आम्ही 'यंत्रसामग्री' म्हणून दाखवतो.

कागद बोरूचा.
कधीकाळी ज्यानं लिहायचे, त्याच्यावरच आता छापायचं.
बोरू कापायचा तो तळं गोठल्यावर,
बर्फावरून चालत जाऊन, फक्त वाळलेला.
ओल्यात उतरलं की मुळं तुटतात
आणि पुढच्या वर्षी बगळ्यांना घर मिळत नाही.
हा आमचा पहिला नियम.
दुसरा : कुणाचंही नाव नाही.
एकाची ओळ संपेल तिथे दुसऱ्यानं हात घालायचा.

सात जण होतो. शरदात सुरू केलं,
नाताळपर्यंत तीनशे ओळी झाल्या.
आणि तळं गोठलंच नाही.

फेब्रुवारीतही काळं पाणी काठाला थापा मारत राहिलं.
टाकीत गेल्या वर्षीचा लगदा होता,
झिनोवियानं वाडगं बुडवून अंदाज घेतला :
अकरा प्रती. चार-चार पानांच्या.

तावेत म्हणाला, शहरातून मागवू,
जुन्या रद्दीचाच असतो, चारशे मैलांवरून ट्रक येतो.
झिनोविया दोरा दातानं तोडत म्हणाली,
मग त्या ट्रकलाही एक ओळ लिहायला सांग.

म्हणून कापाकापी.
पहिल्या संध्याकाळी प्रत्येकानं दुसऱ्याच्या ओळी कापल्या.
चहा तसाच निवला, कुणी कुणाशी बोललं नाही.
दुसऱ्या संध्याकाळी लूलेनं शाळेतल्या आवाजात सांगितलं :
ज्यानं त्यानं आपापल्या.
आणि स्वतःची 'तळं म्हणजे आई' पहिली खोडली.
सगळ्यांना हायसं वाटलं, तिलासुद्धा.
माझा हंस गेला.
खरं सांगायचं तर तो मी पाहिलाच नव्हता.

तरी जास्तच होत होतं.

कुप्रियान कधी लिहीत नसे. लाकडं आणून द्यायचा
आणि दारात टेकून ऐकायचा.
त्या दिवशी म्हणाला, हे काय आहे माहीत आहे का,
आणि चौकटीवरून अंगठा फिरवला.
आम्ही सहा वर्षं त्या खाचांना कोट अडकवत होतो.
बापानं, मग त्यानं, दर माघारी बर्फाला भोक पाडून
जाडी मोजलेली, चाकूनं कोरलेली.

तीन विती.
तीन विती चार बोटं, त्या वर्षी घोडा मेला.
अडीच.
अडीच, मासळी भरपूर.
दोन.
एक वीत. भाऊ बुडाला.
सहा बोटं.
चार.

तो वाचत गेला, मी जुळवत गेले.
तिथून मग आमच्या ओळी आपोआप गळाल्या,
उरल्या त्या बोटांच्या मधल्या जागेत मावतील एवढ्याच.

या वर्षीची खाच करायला त्यानं चाकू काढला,
थोडा वेळ धरला,
आणि परत खिशात ठेवला.

छपाईत कोरी ओळसुद्धा भरावी लागते,
नाहीतर बाकीची अक्षरं सरकतात.
शिसं आम्ही वापरत नाही,
बर्चच्या फळीचे तुकडे तासून ठोकले.
त्या एका ओळीला
इतर सगळ्या ओळींपेक्षा जास्त वेळ लागला.

शाई कांद्याच्या सालींची. तांबूस उठली.
उन्हात ठेवलीत तर दोन उन्हाळ्यांत उडेल,
हे आम्ही मागच्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे.

दहा प्रती गेल्या, कुठे कुठे.
अकरावी कुप्रियाननं मागितली नव्हती, तरी नेऊन दिली.
आठवड्यानं गेले तर चुलीवरच्या दोरीला,
मासे वाळत घालतात तशी,
पानं खाली सोडून टांगलेली.
विचारलं, तर म्हणाला,
हाताला ओली लागली.